‘यातायात’ कुठून आली? शब्दाचा उगम शोधण्याची रीत

दमण्याचे जितके प्रकार, जवळजवळ तितके शब्द मराठीत आहेत. पायपीट, वणवण, हेलपाटे, दगदग, दमछाक, शीण, यातायात असे शब्द आपण दिवसभरात सहज वापरतो. मात्र यांपैकी एखादा नेमका कुठून आला असे कोणी विचारले की बहुतेक वेळा ऐकीव माहिती किंवा ध्वनिसाम्यावरून बांधलेला तर्क पुढे केला जातो. शब्दाचा उगम शोधण्याला एक शिस्त आहे आणि ती घरबसल्या, उपलब्ध कोशांच्या आधारे, कोणालाही पाळता येते. ही रीत पुढे ‘यातायात’ या शब्दाच्या निमित्ताने मांडली आहे. हाच शब्द निवडण्याचे कारण असे की त्याचे रूप संस्कृतात अगदी उघड दिसते, आणि तरीही त्या रूपाचा अर्थ व आपण वापरतो तो अर्थ यांच्यात बरेच अंतर आहे. रूप सापडले म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्याची हा शब्द हमखास फसगत करतो.

आधी आजचा अर्थ नक्की करावा

पुष्कळ जण प्रथम कोश उघडतात. माझ्या मते कोश उघडण्यापूर्वी शब्द ज्या वाक्यांत प्रत्यक्ष वापरला जातो, ती वाक्ये लिहून काढावीत. ‘बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवताना फार यातायात झाली’, ‘एका सहीसाठी एवढी यातायात कोण करणार?’, ‘गाडी थेट मिळाली, त्यामुळे मधली यातायात वाचली’, ‘या वयात ही यातायात सोसत नाही’ अशी दहा-बारा वाक्ये जमली की शब्दाचा स्वभाव दिसू लागतो. शब्द स्त्रीलिंगी आहे. तो होणे, करणे, वाचणे, सोसणे या क्रियापदांबरोबर येतो. आणि आजच्या बोलण्यात त्याचे अनेकवचन कोणी करत नाही.

यानंतर त्याच वाक्यांत जवळचे शब्द बदलून पाहावेत. ‘दाखल्यासाठी चार हेलपाटे घातले’ असे आपण म्हणतो, पण ‘चार यातायाती घातल्या’ असे कोणीही म्हणणार नाही, म्हणजे हेलपाटा मोजता येतो आणि यातायात मोजता येत नाही. शिवाय हेलपाट्यात काम न होता परत येण्याचा भाग असतो. यातायातीत काम शेवटी झालेलेही असू शकते. ‘पाण्यासाठी वणवण’ असे म्हणताना पाणी कुठे मिळेल हे ठाऊक नसते. यातायात करणाऱ्याला मात्र कुठे जायचे ते बहुधा माहीत असते. पायपीट पायीच व्हावी लागते. डॉक्टर आजाऱ्याला ‘दगदग करू नका’ असे सांगतात, ‘यातायात करू नका’ असे सांगत नाहीत, कारण दगदग घरच्या घरीही होते. घरी लग्नकार्य असले, पाहुण्यांची वर्दळ असली, तर उंबरठा न ओलांडताही माणूस दगदगीने आडवा होतो. यातायातीत मात्र कुठे तरी जाणे-येणे, सामानाची ने-आण, गाड्या बदलणे, या टेबलावरून त्या टेबलावर जाणे असा हालचालीचा अंश बहुतेक वेळा शिल्लक असतो. हा अंश टिपून ठेवावा. उगमाचा शोध पुढे ज्या खुणेवर येऊन ठरणार आहे, ती खूण हीच.

एक पोटसूचना: शब्द शेजारच्या भाषेत कसा वापरला जातो तेही पाहावे. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, रहदारी. तो तेथे पुल्लिंगी आहे आणि त्यात थकव्याचा लवलेश नाही. इंदूरमध्ये किंवा दिल्लीत राहणारी मराठी माणसे रस्त्यावर ‘यातायात पुलिस’ अशी पाटी रोज वाचतात आणि घरी येऊन ‘किती यातायात झाली’ असेही म्हणतात. एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेला असेल, तर त्या वाटा जेथून फुटल्या तो अर्थ दोन्हींहून जुना असणार, हे अनुमान बहुधा बरोबर ठरते.

कोश वयाच्या क्रमाने उघडावेत

आता कोशांकडे वळावे, पण जो हाताशी येईल तो उघडू नये. त्यांचा कालक्रम सांभाळावा. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली आणि वाढवलेल्या दुसऱ्या आवृत्तीत १८५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शब्दापुढे कंसात रोमन आद्याक्षर देऊन तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे सांगितलेले असते, आणि पुष्कळदा मूळ अर्थ आधी व लाक्षणिक अर्थ नंतर अशी मांडणी असते. त्यानंतर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे प्रभृतींनी संपादित केलेला सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) पाहावा. त्यात जुन्या ग्रंथांतील अवतरणे दिलेली असल्यामुळे शब्द पूर्वी कोणत्या अर्थाने आला ते कळते. यादवकाळापासूनच्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) आहे. खास व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति-कोश’ (१९४६) आहे. तो मुद्दामच सर्वांत शेवटी उघडावा, म्हणजे आपण स्वतः विचार करण्यापूर्वीच दुसऱ्याचा निर्णय डोक्यात बसत नाही.

मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात संगणकावर शोधता येतात. तेथे नवख्यांची अडचण होते ती शुद्धलेखनाची. १९६२ सालच्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या कोशांत मात्र ‘दमणें’, ‘शिणणें’, ‘येणेंजाणें’ अशी रूपे आहेत. आजच्या पद्धतीने ‘दमणे’ लिहून शोधले आणि काही मिळाले नाही, तर शब्द कोशात नाही असे समजू नये. शेवटी अनुस्वार देऊन पुन्हा शोधावे. तसेच, एखादा शब्द १८३१ च्या कोशात प्रथम दिसला म्हणून तो त्या साली जन्मला असे होत नाही. कोश एवढेच सांगतो की तोपर्यंत तो रुळलेला होता.

रूप फोडून पाहावे, पण एकदाच फोडून थांबू नये

‘यातायात’ तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून बदल न होता आलेला आहे. ‘या’ म्हणजे जाणे या धातूपासून ‘यात’ म्हणजे गेलेला. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागला की ‘आयात’ म्हणजे आलेला. दोन्ही एकत्र आले की संधीने ‘यातायात’ होते आणि अर्थ होतो जाणे-येणे. याच धातूपासून यात्रा, यान, प्रयाण आणि उद्यान हे शब्द आले. माल परदेशातून येण्याला आपण ‘आयात’ म्हणतो आणि बाहेर जाण्याला ‘निर्यात’, तीही याच कुळातली आहेत. पण म्हणून ‘यातायात’ या शब्दात व्यापार शोधण्याचे कारण नाही.

येथे थांबण्याचा मोह होतो. तो आवरून पाहावे की याच रूपाची दुसरी फोड होऊ शकते का. होऊ शकते: ‘यात’ आणि ‘अयात’ यांचाही संधी ‘यातायात’ असाच होईल आणि अर्थ होईल गेलेला व न गेलेला, जसे ‘कृताकृत’ म्हणजे केलेले व न केलेले. संधीचे नियम दोन्ही फोडींना सारखीच मोकळीक देतात. निकाल लागतो तो वापरावरून. आपण जमवलेल्या वाक्यांत आणि हिंदीतील ‘रहदारी’ या अर्थातही जाण्याबरोबर येणे आहे, न जाणे कोठेच नाही. म्हणून पहिली फोड घ्यायची.

‘यातना’ या शब्दाशी असलेले साम्यही तपासून घ्यावे, कारण ही चूक फार सर्रास होते. यातायातीत त्रास आहे, यातनांतही त्रास आहे आणि दोन्हींची सुरुवात ‘यात’ अशी आहे. पण ‘यातना’ हा शब्द ‘यत्’ या वेगळ्या धातूशी जोडलेला आहे आणि संस्कृतात तो मुख्यतः शिक्षा म्हणून भोगाव्या लागणाऱ्या वेदनांसाठी, विशेषतः यमलोकातील दंडासाठी येतो. ‘यमयातना’ हा आपला शब्द तेथूनच आला. दोघांचे मूळ एक नाही. तरीसुद्धा मराठी कानाला ‘यातायात’ या शब्दात ‘यातना’ ऐकू येत असेल आणि त्यामुळे त्याचा कष्टाकडे असलेला कल बळावला असेल, असा माझा तर्क आहे. मात्र तर्क लिहिताना तो तर्क म्हणूनच लिहावा.

शब्द बदललेला असेल तर ध्वनींचा हिशेब मांडावा

प्रत्येक शब्द असा सरळ फुटत नाही. ‘शीण’ घ्या. हा तद्भव दिसतो, म्हणजे प्राकृतातून झिजत आलेला. याची दोन संस्कृत मुळे चटकन सुचतात: ‘शीर्ण’ म्हणजे मोडकळलेला, विरलेला आणि ‘क्षीण’ म्हणजे झिजलेला, अशक्त झालेला. अर्थाने दोन्ही चालतील. उच्चार पाहिला तर ‘शीर्ण’ अधिक जवळचा वाटतो, कारण पहिले अक्षर जसेच्या तसे आहे. पण ‘वाटते’ या शब्दाला या कामात फारशी किंमत नाही. एका शब्दातील ध्वनिबदल खरा मानायचा असेल, तर तसाच बदल इतर शब्दांत झालेला दाखवावा लागतो.

प्रथम ‘र्ण’ पाहू. संस्कृत ‘पर्ण’ याचे मराठीत ‘पान’ झाले, ‘कर्ण’ याचे ‘कान’, ‘चूर्ण’ याचा ‘चुना’ आणि ‘जीर्ण’ याचे ‘जुना’. म्हणजे ‘र्ण’ आधी प्राकृतात ‘ण्ण’ झाला आणि मराठीत येताना त्याचा दंत्य ‘न’ उरला. याउलट दोन स्वरांमध्ये एकटा असलेला ‘न’ मराठीत ‘ण’ होतो: ‘पानीय’ याचे ‘पाणी’, ‘जन’ याचा ‘जण’, आणि मुळातच एकटा ‘ण’ असेल तर तो ‘ण’च राहतो, जसे ‘क्षण’ याचा ‘सण’. तेव्हा ‘शीर्ण’ यापासून शब्द आला असता तर ‘जुना’ या शब्दाच्या चालीने तो ‘शीन’ असा व्हायला हवा होता. आपल्याकडे ‘शीण’ आहे, म्हणून ‘शीर्ण’ येथे अडतो.

आता ‘क्ष’ पाहू. ‘क्षेत्र’ याचे ‘शेत’, ‘मक्षिका’ हिची ‘माशी’, ‘इक्षु’ याचा ‘ऊस’, ‘कुक्षि’ याची ‘कूस’, ‘क्षुरिका’ हिची ‘सुरी’. ‘क्ष’चा मराठीत ‘स’ होतो आणि पुढे इ, ई किंवा ए असा स्वर आला तर ‘श’ होतो. ‘क्षीण’ या शब्दात पुढे ‘ई’ आहे, म्हणून ‘शी’. मागचा ‘ण’ एकटा आहे, म्हणून तो तसाच राहिला. दोन्ही टोके जुळली. सुरुवातीला कानाला दूरचा वाटलेला शब्दच हिशेबात बसला, आणि जवळचा वाटलेला बाहेर पडला. ध्वनिबदलांचे हे नियम सविस्तर पाहायचे असतील, तर ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो. त्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला आहे. वि. का. राजवाड्यांच्या व्युत्पत्तीही जरूर वाचाव्यात, त्यांच्या बुद्धीची झेप थक्क करणारी आहे. पण त्यांतील प्रत्येकीला वरील प्रकारचे समांतर शब्द मागावेत आणि ते मिळाले नाहीत तर ती बाजूला ठेवावी.

‘वणवण’ या शब्दाबाबत हीच कसोटी वेगळा धडा देते. ‘वन’ याचा ‘वण’ होणे नियमाला धरून आहे, त्यामुळे रानोमाळ भटकणे असा अर्थ लावायला मन लगेच धावते. पण मराठीत भणभण, फणफण, रणरण, सणसण, गुणगुण असा ‘ण’कारान्त द्विरुक्त शब्दांचा मोठा गोतावळा आहे आणि त्यांपैकी कोणालाही नामाचे मूळ शोधण्याची गरज पडत नाही. ज्या शब्दाचे भाईबंद एवढे आहेत, त्याचा विचार त्या कुटुंबातच आधी करावा.

फारसी-अरबीची बाजू विसरू नये

थकवा आणि त्रास यांची आपली शब्दसंपत्ती बरीचशी फारसी व अरबीतून आली आहे, हे पाहून पुष्कळांना नवल वाटते. ‘बेजार’ हा शब्द फारसीत विटलेला, उबगलेला या अर्थाचा आहे. ‘जेरीस येणे’ यातील ‘जेर’ म्हणजे फारसीत खाली, दबलेला. ‘हैराण’ हा अरबी शब्द मुळात गोंधळलेला, चकित झालेला या अर्थाचा. हिंदीत तो आश्चर्याच्या अर्थाने टिकला आणि मराठीत मात्र उकाड्याने, डासांनी, पोरांनी माणूस हैराण होऊ लागला. ‘मेहनत’ म्हणजे अरबीत कसोटी, संकट. ‘तसदी’ या शब्दाच्या मुळाशी तर अरबीतील डोकेदुखीच आहे, हे लक्षात घेतले तर ‘आपण तसदी घेऊ नये’ हे कचेरीतील वाक्य अधिक मजेशीर वाटते. या शब्दांसाठी माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) पाहावा.

एकसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या असणाऱ्या शब्दांपासून येथे विशेष जपावे लागते. ‘दम लागणे’, ‘दम खाणे’ यांतील ‘दम’ म्हणजे फारसीतील श्वास. ‘शम-दम’ या जोडीतील ‘दम’ म्हणजे संस्कृतातील इंद्रियनिग्रह. दोन्ही एकाच अक्षरांनी लिहिले जातात, एवढाच त्यांचा संबंध. ‘दमछाक’ या शब्दाचा विचार करताना श्वासाचा दम घ्यायचा, कारण ज्याची दमछाक होते तो धापा टाकत असतो. ‘दगदग’ या शब्दाशी जुळणारा ‘दगदगा’ हा शब्द फारसीत चिंता, मनाची अस्वस्थता या अर्थाने आहे. साम्य लक्षणीय आहे. पण मराठी दगदगीत शरीराचे श्रमही येतात आणि शब्द द्विरुक्तीच्या घडणीचाही आहे, त्यामुळे नोंद करताना फारसी शब्दाचा उल्लेख करावा आणि निर्णयाचा शिक्का मारू नये.

अर्थाचा पूल बांधावा

आता ‘यातायात’ या शब्दाकडे परत येऊ. रूप सिद्ध झाले: जाणे-येणे. पण जाण्यायेण्यापासून कष्टापर्यंत अर्थ कसा पोचला? या टप्प्यावर बहुतेक टिपणे एका वाक्यात गुंडाळली जातात, आणि माझ्या मते खरे काम येथेच असते. अर्थबदल पटवायचा तर तोच बदल, स्वतंत्रपणे, दुसऱ्या शब्दांत झालेला दाखवावा.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील एकविसाव्या श्लोकात ‘गतागतं कामकामा लभन्ते’ असे म्हटले आहे. पुण्य संपले की स्वर्गातून पुन्हा मृत्युलोकी यायचे, पुन्हा जायचे, हे ते ‘गतागत’. त्याची घडण ‘यातायात’ या शब्दासारखीच आहे: ‘गत’ आणि ‘आगत’, गेलेला आणि आलेला. येथे जाणे-येणे हे नुसते हालचालीचे वर्णन राहिलेले नाही. ते सुटका नसलेले, पुन्हा पुन्हा वाट्याला येणारे आहे. मराठी संतवाङ्मयात यातायात आणि येरझार हे शब्द याच अर्थाने, जन्ममृत्यूच्या फेऱ्यांसाठी, येतात, आणि ती चुकावी अशी मागणी देवापाशी केली जाते. हिंदी भक्तिकाव्यातील ‘आवागमन’ त्याच जातीचे. म्हणजे कष्टाचा रंग एका फेरीतून आलेला नाही. तो आला आहे फेऱ्या न संपण्यातून. जन्ममरणाच्या यातायातीपासून कचेरीच्या यातायातीपर्यंतचे अंतर मग फार उरत नाही. शतकानुशतके कीर्तनांतून आणि प्रवचनांतून ऐकलेला शब्द घरगुती तक्रारीसाठी वापरात यावा, यात अस्वाभाविक काहीच नाही.

‘येरझार’ या जोडीदाराचे पुढे काय झाले तेही पाहावे. आज आपण ‘दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता’ असे म्हणतो, म्हणजे त्या शब्दाने पावलांचा मूळ अर्थ राखला आणि वर काळजीची छटा घेतली. यातायातीने पावले जवळजवळ सोडली आणि त्रास तेवढा ठेवला. समान अर्थाच्या दोन शब्दांनी अशी वाटणी करून घेणे ही भाषेतील नेहमीची गोष्ट आहे.

उलट दिशेने झालेला प्रवासही साक्षीला घेता येतो. इंग्रजीतील ‘ट्रॅव्हल’ हे, कष्ट या अर्थाच्या ‘ट्रॅव्हेल’ या शब्दाचेच दुसरे रूप आहे. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून आले आणि फ्रेंचमध्ये तोच शब्द आजही ‘काम’ या अर्थाने चालतो. तेथे कष्टाचा प्रवास झाला, येथे जाण्यायेण्याचे कष्ट झाले. परक्या भाषेतील असा दाखला पुरावा ठरत नाही, पण दोन अर्थांमध्ये वाट आहे एवढे तो दाखवतो.

टिपण कसे लिहावे

टिपणात चार गोष्टी एकमेकींत न मिसळता याव्यात: आजचा वापर, रूपाची फोड, अर्थबदलाचे दाखले आणि आपला तर्क. ‘यातायात’ या शब्दाचे टिपण साधारण असे होईल:

‘यातायात, स्त्रीलिंगी नाम, तत्सम. त्रासदायक धावपळ, जाण्यायेण्याचे किंवा ने-आणीचे कष्ट. होणे, करणे, वाचणे, सोसणे या क्रियापदांसह. संस्कृत यात (गेलेला) अधिक आयात (आलेला), धातू या. मूळ अर्थ जाणे-येणे, तो हिंदीत वाहतूक या अर्थाने टिकून. संतवाङ्मयात जन्ममृत्यूच्या फेऱ्या. तुलना गतागत, येरझार. यातना या शब्दाशी व्युत्पत्तीने संबंध नाही, मात्र ध्वनिसाम्याचा अर्थावर परिणाम संभवतो.’

या रीतीचा सराव करायचा असेल, तर पुढचा शब्द म्हणून ‘हेलपाटा’ घ्यावा. सुरुवात ‘हेल’ या शब्दापासून करावी, कारण ‘हेल’ म्हणजे एका वेळी वाहून न्यायचे ओझे किंवा त्याची खेप, आणि ओझी वाहणाऱ्याला ‘हेलकरी’ म्हणतात. मग ‘पाटा’ या उत्तरपदाचे भाईबंद कोशांतून जमवावेत आणि ओझ्याची खेप रिकाम्या हाताने परतण्यापर्यंत कशी पोचली असेल, यासाठी जुनी अवतरणे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त पाहावीत.